जागा तसे विमान

एरोमॉडेलिंग म्हणजे हवेच्या आधारावर खरोखर उडणारी लहान विमाने स्वतः बांधून उडविण्याचा छंद, आणि या छंदाविषयी जे लिहिले जाते त्यातील बहुतेक भाग बांधणीचा असतो: लाकूड कोणते निवडावे, पंखाला बाक किती द्यावा, मोटर किती ताकदीची बसवावी. जागेचा विचार अगदी शेवटी येतो, आणि तोही विमान तयार झाल्यावर आता ते न्यायचे कोठे, अशा अडचणीच्या रूपाने. या छंदाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास नीट पाहिला तर मात्र क्रम उलटा दिसतो. जशी जागा हाती लागली तशी विमाने घडत गेली, आणि जागा गेली तेव्हा त्या जातीची विमानेही हळूहळू दिसेनाशी झाली. मिठाच्या खाणीत अर्धा अर्धा तास तरंगणारे दीड ग्रॅमचे विमान अंगणात आणले तर पहिल्या झुळकीसरशी त्याचा चोळामोळा होतो, आणि डोंगरमाथ्यावरचा वारा पिऊन सुसाटणारे ग्लायडर सभागृहात सोडणे हा वेडेपणाच नव्हे तर गुन्हा ठरेल. देश तसा वेश म्हणतात, ते या क्षेत्रात अक्षरशः खरे आहे.

या इतिहासाचा आरंभच जागेच्या शोधाने होतो. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील चार्ड हे गाव एकोणिसाव्या शतकात लेस विणणाऱ्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होते, आणि त्या गिरण्यांची यंत्रे बनविणाऱ्या जॉन स्ट्रिंगफेलो या कारागिराने विल्यम हेन्सन या सहकाऱ्याबरोबर वाफेच्या इंजिनावर चालणारे, सुमारे सहा मीटर पंखविस्ताराचे एक प्रतिकृती विमान तयार केले होते. १८४०च्या दशकाच्या मध्यास या दोघांनी चार्डजवळच्या बाला डाउन नावाच्या उघड्या टेकडीवर त्याच्या चाचण्या सुरू केल्या. दिवसा वारा असे आणि त्याहून त्रासदायक म्हणजे टिंगल करणारे बघे असत, म्हणून एकदा चाचणी रात्री घेण्याचे ठरले. पण रात्री दव पडते, दवाने पंखांवरचे रेशीम ओलेचिंब झाले, आणि जड झालेले पंख जागच्या जागी खाली लोंबू लागले. दिवसा वारा आणि रात्री दव, अशा कात्रीत सापडलेले हे विमान कधी उडालेच नाही. हेन्सन पुढे अमेरिकेस निघून गेला.

स्ट्रिंगफेलोने यातून जो धडा घेतला तो त्याच्या यंत्रकौशल्याइतकाच मोलाचा आहे. त्याने नवे विमान निम्म्या आकाराचे, सुमारे तीन मीटर पंखविस्ताराचे केले आणि १८४८ साली ते एका बंद पडलेल्या गिरणीच्या लांबट दालनात नेले. दालनाची लांबी जेमतेम वीस मीटर होती, त्यामुळे विमान आधी एका आडव्या तारेवरून धावावे, तेवढ्यात त्याला वेग यावा आणि दालनाच्या मध्याच्या अलीकडेच ते तारेवरून सुटावे, अशी योजना त्याने केली. शेपटीचा कोन चुकल्याने पहिल्या प्रयत्नात विमान उभे चढले, मागे सरकले आणि शेपटी मोडून घेऊन खाली आले. कोन सुधारल्यावर मात्र ते दालनाच्या टोकापर्यंत गेले आणि विमान अडविण्यासाठी तेथे लावलेल्या कापडाला भोक पाडून थांबले. हे उड्डाण कितपत स्वबळाचे आणि कितपत तारेवरून मिळालेल्या वेगाचे, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. वाद काहीही असो, विमानाचा आकार गिरणीच्या भिंतींनी ठरविला, ही गोष्ट त्यात निर्विवाद आहे. छप्पर मिळाले की छपराच्या अटीही सोबत येतात, याचा अनुभव त्याला वीस वर्षांनी आला: १८६८ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या पहिल्या विमानविद्या प्रदर्शनात त्याने नवे विमान मांडले, पण आगीच्या धास्तीने ते मोकळे सोडण्यास परवानगी मिळाली नाही आणि त्याला तारेवरच धावावे लागले.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे सचिव सॅम्युअल लँगली यांनी याच प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले. त्यांची वाफेवर चालणारी विमाने चार मीटरांहून रुंद होती, ती कोणत्याही छपराखाली मावणारी नव्हती आणि जमिनीवर आपटली तर वर्षभराची मेहनत मातीत जाणार होती. म्हणून त्यांनी पोटोमॅक नदीचे पात्र निवडले आणि एका घरनावेच्या छतावर विमान फेकणारी यंत्रणा बसविली. ६ मे १८९६ रोजी त्यांचे पाचव्या क्रमांकाचे विमान सुमारे एक किलोमीटर उडाले, वाफ संपल्यावर अलगद पाण्यावर उतरले, बाहेर काढून वाळविल्यावर त्याच दिवशी पुन्हा सुमारे सातशे मीटर उडाले, आणि टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी त्याचे छायाचित्र टिपले. पडणे ठरलेलेच असेल तर पडण्याची जागा मऊ असावी, हा विचार त्यामागे होता. आजही नवशिक्याला पहिले उड्डाण गुडघाभर गवतात करावयास सांगितले जाते ते याचसाठी.

बंदिस्त जागेतील उड्डाणाची कला ज्या टोकाला गेली आहे ते टोक म्हणजे आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाचा एफ-१-डी हा वर्ग होय. या वर्गातील विमानाचा पंखविस्तार ५५ सेंटिमीटरांपेक्षा जास्त असून चालत नाही, रबर वगळून त्याचे वजन किमान १.४ ग्रॅम असावे लागते, आणि त्याला चालविणारी रबराची पट्टी फार तर ०.४ ग्रॅमची असते. म्हणजे एका रुपयाच्या नाण्याहूनही हलके असे हे विमान पिळलेल्या रबराच्या सुटत्या पिळावर उडते आणि उंच छताखाली सुमारे अर्धा तास हवेत राहते. त्याचा सांगाडा बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाच्या काड्यांचा असतो. त्यावर पूर्वी जे आवरण चढवीत त्याला मायक्रोफिल्म म्हणत: सेल्युलोजचे एक द्रावण पसरट भांड्यातील पाण्यावर ओतले की ते क्षणात पसरून वाळते आणि पाण्यावर तेलाच्या तवंगासारखा रंग बदलणारा एक पडदा तयार होतो, तारेची चौकट त्याखाली सरकवून तो श्वास रोखून उचलावा लागतो, आणि त्याची जाडी जांभळ्या-हिरव्या छटांवरून ओळखतात, कारण ती मोजण्याचे दुसरे सोपे साधन नाही. आता बहुतेक जण प्लॅस्टिकची तयार पातळ फिल्म वापरतात. असे विमान हातातून सोडले की ते चालत्या माणसाहूनही हळू जाते, त्याचा पंखा एकेक फेरा डोळ्यांना मोजता येईल इतक्या संथपणे फिरतो, आणि जवळून कोणी झपाट्याने गेले तर त्या माणसामागे ओढल्या जाणाऱ्या हवेनेसुद्धा ते भरकटते.

अशा विमानासाठी जागा शोधताना पहिली अट उंचीची असते, म्हणून स्पर्धांचे विक्रम छताच्या उंचीनुसार चार गटांत नोंदले जातात: आठ मीटरांपर्यंत, आठ ते पंधरा, पंधरा ते तीस, आणि तीस मीटरांहून अधिक. भरपूर पीळ दिलेले रबर सुरुवातीला जोरात सुटते आणि विमान चढत जाते, नंतर पीळ ओसरला की ते अगदी सावकाश खाली येते. जितके वर जाता येईल तितका हा उतार लांबतो. छत कमी उंच असेल तर विमान वर आपटते, तुळईत अडकते किंवा दिव्याला टेकून राहते, आणि मग हायड्रोजन किंवा हीलियमने भरलेला फुगा दोरीने वर सोडून, त्या दोरीने ढकलून त्याची सुटका करावी लागते. स्पर्धेतही विमान भिंतीकडे सरकू लागले तर फुग्याच्या दोरीने त्याला हळूच मध्यभागी वळवून आणण्यास नियमांची परवानगी आहे. पीळ सुरुवातीला जास्त आणि नंतर कमी, या रबराच्या स्वभावाला आवर घालण्यासाठी पात्यांचा कोन आपोआप बदलणारा पंखाही बसवितात. म्हणजे छताच्या उंचीने विमानात एक नवे यंत्र जन्माला घातले.

दुसरी अट हवेच्या स्थिरतेची, आणि ती उंचीपेक्षा अवघड असते. बंद दालनात हवा स्थिर असते हा समज चुकीचा आहे. छपरावर ऊन पडले की छताखालची हवा तापते, खिडकीतून आलेला कवडसा जमिनीवर उबेचा ठिपका तयार करतो, दरवाजा उघडला की थंड हवेचा लोट जमिनीलगत आत शिरतो, आणि प्रेक्षकांचा घोळका एका बाजूस बसला तर त्यांच्या अंगाच्या उबेनेही हवा तेथून वर चढते. म्हणून या मंडळींना जी वास्तू आवडते ती वास्तुशास्त्राच्या किंवा सौंदर्याच्या दृष्टीने नव्हे, तर ऊन आणि वारा यांपासून ती किती अलिप्त आहे या कसोटीवर.

या कसोटीवर सर्वांत पुढे आहे रुमानियातील स्लानिक प्राहोवा येथील मिठाची खाण. १९७० साली उत्खनन थांबलेल्या या उनिरेया खाणीतील दालने जमिनीखाली दोनशे मीटरांहून खोल आहेत, त्यांची उंची ५४ मीटर आहे आणि वर अरुंद, खाली रुंद अशा आकारात ती मिठातच कोरलेली आहेत. तेथील तापमान वर्षभर बारा अंशांच्या आसपास राहते. ऊन नाही, वारा नाही, ऋतू नाही. २०१४ आणि २०१६ या दोन्ही वर्षी एफ-१-डी वर्गाची जागतिक स्पर्धा याच खाणीत झाली. स्वेटर आणि कानटोप्या घातलेले स्पर्धक राखाडी पट्ट्यांच्या मिठाच्या भिंतींमध्ये माना वर करून उभे असतात, हे दृश्य वरवर पाहता एखाद्या धार्मिक विधीसारखे वाटावे. २०१८ची स्पर्धा अगदी विरुद्ध जागी, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील वेस्ट बेडन स्प्रिंग्ज या १९०२ साली बांधलेल्या हॉटेलच्या मधल्या घुमटाखाली भरली. हा घुमट सुमारे ६१ मीटर व्यासाचा आहे आणि त्याच्या भोवती खोल्यांचे सज्जे आहेत, त्यामुळे पाहुण्यांना खोलीतूनच विमाने पाहता येतात; पण घुमटाला काचा आहेत, आणि ऊन चढले की आतली हवाही हालू लागते. खाण आणि हॉटेल यांत निवड करावयाची झाली तर विमान खाण निवडील आणि विमानाचा मालक बहुधा हॉटेल.

या दोहोंच्या आधी मोठ्या छपरांचा वारसा वायुनौकांकडून आला होता. इंग्लंडमधील कार्डिंग्टन येथील पहिली शेड पहिल्या महायुद्धात बांधली गेली आणि पुढे आर-१०१ ही अवाढव्य वायुनौका मावावी म्हणून वाढविण्यात आली. तिची लांबी सुमारे २४७ मीटर आणि आतली उंची सुमारे ४८ मीटर झाली. ही वायुनौका ४ ऑक्टोबर १९३० रोजी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील कराचीस जाण्यासाठी निघाली, आणि तिच्यासाठी कराचीतही तितकीच भव्य शेड उभारून ठेवलेली होती. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती फ्रान्समध्ये कोसळली, ४८ माणसे मेली आणि ब्रिटनचा वायुनौकांचा कार्यक्रमच गुंडाळला गेला. कराचीच्या शेडला ती नौका कधी लाभली नाही, पुढे ती शेड पाडलीही गेली. कार्डिंग्टनची शेड मात्र अनेक दशके बाल्साच्या विमानांच्या उपयोगी पडली आणि १९७०च्या दशकात तेथे जागतिक स्पर्धाही झाल्या. साम्राज्याच्या दिमाखासाठी बांधलेल्या छपराखाली शेवटी उडाले ते दीड-दोन ग्रॅमचे विमान, यात इतिहासाची थोडी थट्टा आहे. आता कार्डिंग्टनला चित्रपटांचे देखावे उभारले जातात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील टस्टिन येथील दोन हँगर दुसऱ्या महायुद्धात पोलादाची टंचाई असल्याने लाकडाचे बांधले होते. तेथेही अशी विमाने उडत, आणि त्यांतील एक हँगर नोव्हेंबर २०२३मध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाला. अशी छपरे आता कोणी नव्याने बांधीत नाही, म्हणून जी उरली आहेत ती मोजून जपावी लागतात.

सर्वसामान्य छांदिष्टाला खाण किंवा हँगर मिळत नाही. त्याला मिळते ते क्रीडासंकुलातील सभागृह. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलसाठी मैदानावर साडेबारा मीटर मोकळी उंची लागते, म्हणजे चांगले क्रीडासभागृह वर सांगितलेल्या दुसऱ्या गटात मोडते, तर शाळेची व्यायामशाळा पहिल्याच गटात. अशा सभागृहांत आता रबराच्या विमानांपेक्षा विजेची रेडिओ-नियंत्रित विमाने अधिक दिसतात. ती हलक्या फोमच्या सपाट तक्त्यांची असतात, काही वेळा शंभर ग्रॅमहूनही हलकी असतात आणि नाक वर करून पंख्याच्या ओढीवर हवेत उभी लटकू शकतात. लहान लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आणि हलक्या मोटरी आल्या नसत्या तर ही जात उद्भवलीच नसती. पण मोटर निर्माण झाली तरी ती सभागृहासाठी जुळवून घेण्याचे काम जागेच्या टंचाईनेच केले, कारण युरोपच्या हिवाळ्यात चार महिने मैदानावर उभेही राहवत नाही.

उघड्या मैदानाचे गणित पूर्णपणे वेगळे आहे, कारण तेथे छत नसते आणि वारा असतो. मुक्त उड्डाण या प्रकारात विमान हातातून सुटल्यावर त्याच्यावर उडविणाऱ्याचा काहीच ताबा राहत नाही. स्पर्धेत त्याने साधारण तीन मिनिटे हवेत राहावे अशी अपेक्षा असते. वारा सेकंदाला पाच मीटर असेल तर तीन मिनिटांत ते सरळ नऊशे मीटर दूर जाते, आणि नियमांनी मान्य केलेल्या कमाल, म्हणजे सेकंदाला नऊ मीटर वाऱ्यात तेच अंतर सोळाशे मीटरांवर पोहोचते. खाली उतरण्यास लागणारा वेळ त्यात अजून धरलेलाच नाही. म्हणजे या खेळाला चौफेर दोन-दोन किलोमीटर मोकळी, झाडे-तारा-रस्ते नसलेली जमीन हवी, आणि ती कोणत्याही देशात शहराजवळ सापडत नाही. कॅलिफोर्नियात लॉस्ट हिल्स येथे मुक्त उड्डाणवाल्यांनी यासाठी जमीनच विकत घेतली. अमेरिकेच्या एरोमॉडेलिंग अकादमीचे इंडियानातील मन्सी येथील केंद्रही हजार एकरांहून मोठे आहे, पण सर्वांना असा मार्ग परवडत नाही.

मुक्त उड्डाणाचा दुसरा शत्रू म्हणजे त्याचा सर्वांत मोठा मित्रच. ऊन तापले की काळ्या नांगरटीवरून किंवा डांबरी पट्टीवरून तापलेल्या हवेचा स्तंभ वर चढू लागतो, त्याला थर्मल म्हणतात. विमान त्यात शिरले की चढतच जाते, आणि वेळीच उतरविले नाही तर ढगात नाहीसे होते. म्हणून घड्याळासारखी एक छोटी यंत्रणा ठरलेल्या वेळी शेपटी उभी करते, विमानाचा तोल जातो आणि ते पसरट होऊन पानासारखे खाली येते. थर्मल ओळखण्यासाठी परदेशी मंडळी बांबूच्या टोकावर पातळ चमकदार फीत बांधतात किंवा साबणाचे फुगे सोडतात. दख्खनच्या पठारावर हेच काम घारी करतात: पंख न हलवता घिरट्या घेत चढणाऱ्या दोन-तीन घारी दिसल्या की खालच्या शेतावर हवा उचलली जात आहे, हे कोणताही गुराखी सांगू शकतो. चैत्र-वैशाखात दुपारी उठणारी वावटळ ही त्याच स्तंभाची धुळीने रंगलेली, उग्र खूण असते.

एवढी जमीन नसेल तर विमानाला दोरीने बांधून ठेवण्याचा मार्ग आहे, आणि तो भारतात सर्वाधिक परिचित आहे. कंट्रोल लाइन या प्रकारात विमान दोन बारीक पोलादी तारांनी वैमानिकाच्या मुठीतील दांडीशी जोडलेले असते, तो मध्यभागी गोल फिरतो आणि मूठ वरखाली करून विमान चढवितो-उतरवितो. स्पर्धेतील काही वर्गांत या तारांची लांबी १५.९२ मीटर ठरलेली आहे. त्याहून थोड्या मोठ्या त्रिज्येचे वर्तुळ आणि त्याबाहेर प्रेक्षकांसाठी सुरक्षित पट्टा एवढी जागा पुरते, म्हणजे महाविद्यालयाच्या मैदानाचा कोपराही चालतो. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकविले जाते, त्यात हा प्रकार रुजला तो यामुळेच. यातील एकच धोका असा आहे की त्याला क्षमा नाही: विजेच्या तारा. हातात धरलेली धातूची तार वरच्या वीजवाहिनीला लागली तर वैमानिकाचा जीव जातो, म्हणून मैदानाच्या कडेने एक जरी वाहिनी जात असेल तर ते मैदान कितीही सपाट असले तरी बाद धरावे.

डोंगरउतारावरचे ग्लायडर हा आणखी निराळा संसार आहे. वारा उताराला धडकून वर वळतो आणि त्या उचलीवर इंजिन नसलेले विमान तासन्‌तास उडू शकते; सह्याद्रीच्या पश्चिम कड्यांवर आणि पॅराग्लायडिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या कामशेतच्या टेकड्यांवर हीच हवा काम करते. कॅलिफोर्नियातील पार्कर माउंटनवर काही मंडळींनी याच्याही पुढे जाऊन डोंगराच्या मागच्या, वाऱ्याच्या आडच्या बाजूचा उपयोग केला. तेथे वरचा वारा वेगवान आणि खालची हवा जवळजवळ स्थिर असते. या दोन थरांतून गोल फेऱ्या मारीत ग्लायडर प्रत्येक फेरीला वेग मिळवीत जाते, आणि २०२१ साली अशा एका इंजिनरहित विमानाने ताशी ८८० किलोमीटरांहून अधिक वेग गाठला. प्रवासी जेट विमानाच्या तोडीचा वेग, आणि इंधन म्हणून केवळ एक डोंगर.

महाराष्ट्रात जागेचा प्रश्न आधी कायद्याशी आणि मग शेतीशी येऊन भिडतो. ऑगस्ट २०२१मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांत छंद, शिक्षण किंवा संशोधनासाठी वापरले जाणारे आणि नजरेच्या टप्प्यात उडविले जाणारे २५ किलोपर्यंतचे रिमोट-नियंत्रित विमान हा वेगळा प्रकार मानला आहे, आणि प्रकार-प्रमाणपत्राच्या, म्हणजे यंत्राच्या रचनेला सरकारी मान्यता घेण्याच्या सक्तीतून त्याला वगळले आहे. आकाशाचे मात्र हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग पाडले आहेत: हिरव्या विभागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत आगाऊ परवानगी लागत नाही, चालू विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, आणि त्याहून आत आगाऊ परवानगीशिवाय उडविता येत नाही. पुण्याच्या जुन्या पेठा लोहगावपासून बारा किलोमीटरच्या आतच येतात. मुंबईत सांताक्रूझ, जुहू आणि नौदलाचे तळ असल्याने नकाशावर हिरवा रंग शोधावा लागतो, शिवाय शहर पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात, आणि त्यांत ड्रोनबरोबर रिमोटवरची छोटी विमाने, पॅराग्लायडर आणि गरम हवेचे फुगेही येतात. उडविण्याच्या दिवशी असा आदेश चालू आहे का, हे आदल्या दिवशी पाहणे वाऱ्याचा अंदाज पाहण्याइतकेच आवश्यक झाले आहे.

कायद्याने मोकळी असलेली जमीन मग पिकांच्या वेळापत्रकावर चालते. मावळात भातकापणी झाली की दिवाळीनंतर खाचरे कोरडी पडतात, बांध मात्र राहतात आणि चाकांवर उतरणाऱ्या विमानांची नाके त्यांवर फुटतात. अशा ठिकाणी हातातून सोडून पोटावर उतरणारे विमानच योग्य. पठारावरील ज्वारी माणसापेक्षा उंच वाढते, आणि तिच्यात पडलेले विमान कोठे पडले हे दोन जणांनी दोन बाजूंनी रोखून पाहिल्याशिवाय सापडत नाही. उसाच्या फडाची गोष्टच सोडावी; तेथे पडलेले विमान तोडणीच्या वेळीच बाहेर येते. गावाचे गायरान त्यातल्या त्यात बरे, पण तेथे ग्रामपंचायतीला विचारणे आणि गुरे चरण्याच्या वेळा टाळणे हा साधा शिष्टाचार आहे, कारण आवाजाने बुजलेली म्हैस कोणत्याही नियमावलीपेक्षा प्रभावी बंदी घालते. कोकणातील जांभ्या दगडाचे सडे विस्तीर्ण आणि सपाट असतात, मात्र खरखरीत जांभा विमानाच्या पोटाची साले काढतो. आणि साताऱ्याजवळचे कास पठार कितीही मोहक वाटले तरी ते जागतिक वारसास्थळाचा भाग आहे, तेथे या छंदाला स्थान नाही. संक्रांतीच्या सुमारास झाडांवर आणि तारांवर नायलॉन मांजा लोंबत राहतो, २०१७ पासून त्यावर बंदी असली तरीही. पंख्यात गुंतलेला मांजा मोटर जाळतो.

थंडीतील पहाट या सर्वांत उत्तम. रात्री थंड झालेली हवा जमिनीलगत साचलेली असते, सकाळी साडेआठ-नऊपर्यंत ती जवळजवळ हालत नाही, आणि धुक्याचा पातळ थर ओढ्याच्या खळग्यात तसाच थांबलेला दिसतो. त्यानंतर ऊन चढते आणि घारी येतात.

पावसाळ्याचे चार महिने उरतात, आणि त्यांचे उत्तर महाराष्ट्रात अनपेक्षित ठिकाणी दडलेले आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकापर्यंत चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे पावसाने मैदाने बुडालेली असतात नेमक्या त्याच काळात गावोगावची मंगल कार्यालये रिकामी असतात. त्यांची उंची आठ मीटरांच्या पहिल्या गटातलीच, पण त्यावरही या छंदात जुनी तोड आहे: रबराची पट्टी नेहमीच्या एक-चतुर्थांश लांबीची घेतात आणि उरलेल्या लांबीच्या जागी तेवढ्याच वजनाची काडी बसवितात. विमानाचे एकूण वजन तेच राहते, चढाई चौथा हिस्सा होते, वेळही चौथा हिस्सा लागतो. म्हणजे सहा मीटर उंच सभागृहात मोजलेल्या आकड्यांना चारने गुणले की चोवीस मीटरांच्या घुमटाखाली तेच विमान काय करील हे कळते. त्यासाठी पंखे बंद ठेवून त्यांची पाती फिरणार नाहीत अशी बांधून घ्यावी लागतात, खिडक्यांना पडदे ओढावे लागतात, आणि वरच्या हुकांना मागच्या लग्नसराईतील झिरमिळ्यांचे तुकडे लटकत नाहीत ना, हे शिडी लावून पाहावे लागते. दरवाज्याशी एक जण उभा केला जातो, त्याचे काम एकच: चहाचा पोरगा किटली घेऊन आला तरी विमान खाली येईपर्यंत दार उघडू द्यायचे नाही.